न जुळणाऱ्या द्रव्यांचें सख्य



परभणी जिल्ह्यांतील कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरीं खताचें एखादें रिकामें पोतें सांपडेलच. तें हातीं घेऊन नीट पाहावें. बाहेरचें विणलेलें कापड पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लास्टिकाचें असतें, आणि ओल लागूं नये म्हणून आंत घातलेली पातळ पिशवी पॉलिएथिलीन नांवाच्या दुसऱ्या प्लास्टिकाची असते. दोन्ही द्रव्यें कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलतत्त्वांचीं बनलेलीं आहेत. दोन्ही पाण्यावर तरंगतात. दोन्ही खनिज तेल किंवा वायु यांपासून निघतात. रसायनशास्त्राच्या कुळांत त्यांना सख्खीं भावंडें म्हणावयास हरकत नाहीं. असें असूनहि तें पोतें आंतल्या अस्तरासकट वितळवून त्याची एखादी वस्तु ओतावी, तर ती निवाल्यावर ठिसूळ निघते. दोहोंपैकीं कोणत्याहि एकाच्या चिवटपणाची सर तिला येत नाहीं. भावंडें एका घरांत राहिलीं, पण एकजीव झालीं नाहींत.

न मिसळणाऱ्या अशा दोन प्लास्टिकांना, किंवा प्लास्टिक आणि रबर यांना, एकत्र नांदावयास लावणाऱ्या तिसऱ्या द्रव्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. कारखान्यांत त्याला कंपॅटिबिलायझर म्हणतात. नांव लांबलचक आहे आणि आपल्या बोलण्यांत रुळलेलें नाहीं, म्हणून या भाषणापुरतें मी त्याला मध्यस्थ द्रव्य म्हणेन. मी रसायनतज्ज्ञ नव्हें. मॅट्रिक होऊन शाळेंत शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु वर्गांत एक संवय जडली ती ही, कीं जी गोष्ट घरांतल्या एखाद्या वस्तूवर बोट ठेवून सांगतां येत नाहीं, ती आपल्याला समजली असें मानावयाचें नाहीं. त्या हिशेबानें जेवढें सांगतां येईल तेवढेंच सांगणार आहें.

प्रथम मिसळणें म्हणजे काय तें पाहूं. लिंबाचा रस पाण्यांत मिसळतो आणि तेल मिसळत नाहीं, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. मिसळण्याच्या बाजूनें निसर्गांत एक मोठी शक्ति काम करीत असते; ती म्हणजे अव्यवस्थेची ओढ. पसाभर पांढरी ज्वारी आणि पसाभर तांबडी ज्वारी एका डब्यांत घालून हलविली तर दाणे आपोआप मिसळतात, आणि पुन्हा कितीहि हलविले तरी वेगळे होत नाहींत. मिसळलेल्या स्थितीचे प्रकार असंख्य आहेत. वेगळ्या स्थितीचे अगदीं मोजके. लहान रेणूंचें असेंच होतें. आतां हेच दाणे सुईदोऱ्यानें ओवा. दहा दहा हजार दाण्यांची एकेक माळ करा, पांढऱ्यांची निराळी आणि तांबड्यांची निराळी, आणि मग त्या माळा डब्यांत घालून हलवा. दाणे तितकेच आहेत, पण प्रत्येक दाणा शेजाऱ्याशीं बांधलेला आहे. त्याला एकट्यानें कोठें जाण्याची मुभा उरली नाहीं, आणि म्हणून अव्यवस्थेची ओढ हजारों पटींनीं कमी झाली. उलट पांढऱ्या आणि तांबड्या दाण्यांमध्यें एकमेकांविषयीं अणुमात्र नावड असेल, तर ती माळेंतल्या दाण्यागणिक जमा होत जाते. ओढ क्षीण आणि नावडीची बेरीज मोठी; मग माळा वेगळ्याच राहणार.

प्लास्टिक आणि रबर हे पदार्थ अशाच लांबच लांब माळांचे बनलेले आहेत, ही कल्पना हर्मान स्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं मांडली, तेव्हां त्यांच्या पुष्कळ व्यवसायबंधूंना ती मुळींच पटली नाहीं. १९५३ सालीं त्याच कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. माळांच्या मिसळण्याचें गणित १९४१-४२ च्या सुमारास अमेरिकेंत पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोघांनीं स्वतंत्रपणें मांडलें. फ्लोरी यांनाहि पुढें १९७४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या गणिताचा निष्कर्ष व्यवहाराच्या भाषेंत असा आहे, कीं दोन प्लास्टिकें खरोखर मिसळणें हा अपवाद आणि न मिसळणें हा नियम.

आतां कोणी म्हणेल, न मिसळतील तर यंत्रांत घालून जबरदस्तीनें घुसळावीं. कारखान्यांत तसें करतातहि. घुसळल्यानें एका द्रव्याचे थेंब दुसऱ्यांत विखुरतात. परंतु ताक घुसळतांना लोण्याचे कण जसे एकमेकांस भेटून गोळा होत जातात, तसे हे थेंबहि वितळलेल्या स्थितींत एकमेकांना गांठून मोठे होतात. त्याहून वाईट गोष्ट थेंबाच्या सीमेवर घडते. एका बाजूच्या माळा दुसऱ्या बाजूच्या माळांत फारशा शिरत नाहींत. दोन पदर एकमेकांवर ठेवले आणि टांका एकहि घातला नाहीं, अशी गोधडी डोळ्यांपुढें आणा. अंथरलेली असेतों ती गोधडीच दिसते. उचलली कीं पदर हातांत येतो. मिश्रणाची वस्तु अशीच दिसावयास धड असते, पण तिला आघात बसला कीं चीर त्या सीमेसीमेनें धांवत जाते आणि कोणी अडवीत नाहीं.

टांका घालावयाचा तो मध्यस्थ द्रव्यानें. त्याची युक्ति आपल्या आज्यापणज्यांना माहीत होती, मात्र ती प्लास्टिकाच्या संबंधांत नव्हे. रेशमी वस्त्रें रिठ्याच्या पाण्यांत धूत. रिठ्यांतील, आणि पुढें साबणांतील, रेणु दुतोंडी असतो : एक टोंक पाण्याला धार्जिणें, दुसरें तेलाला. तो तेल आणि पाणी यांच्या सीमेवर उभा राहतो, एक हात इकडे आणि एक हात तिकडे देऊन. मध्यस्थ द्रव्याची माळहि अशीच दुहेरी ओवलेली असते. तिचा अर्धा भाग पहिल्या प्लास्टिकाच्या दाण्यांचा आणि अर्धा दुसऱ्याच्या दाण्यांचा. पहिला अर्धा आपल्या जातीच्या माळांत गुंतून बसतो, दुसरा आपल्या जातीच्या. आणि मधला सांधा, जो रासायनिक बंधनानें बांधलेला असतो, तो सीमेवर येतो. गोधडीला टांका पडला. मात्र साबणाची उपमा येथें पुरी पडत नाहीं. साबण फक्त थेंब लहान करतो व त्यांना एकत्र येऊं देत नाहीं. प्लास्टिकांतील मध्यस्थ हें तर करतोच, शिवाय निवाल्यावर भारहि पेलतो. त्यासाठीं त्याचे दोन्ही हात पुरेसे लांब असावे लागतात. तोकड्या हातांचा मध्यस्थ थेंब बारीक करील, पण ओढ बसली कीं त्याचा हात निसटेल.

थेंब बारीक करण्याला एवढें महत्त्व कां, हें एका हिशेबानें कळेल. मुलांना मी असले हिशेब फळ्यावर घालीत असें. एका थेंबाचे दहाव्या हिश्श्याच्या व्यासाचे थेंब केले तर त्याचे एक हजार थेंब होतात. प्रत्येकाचा पृष्ठभाग मूळच्या शंभराव्या हिश्श्याइतका. म्हणजे एकूण पृष्ठभाग दहापट झाला. द्रव्य तितकेंच, पण दोघांची भेट दहापट जागीं होऊं लागली. ही सीमा झांकण्यास मध्यस्थ द्रव्य फारसें लागत नाहीं. बहुतेक मिश्रणांत शेंकडा एक ते पांच भाग पुरतें. अधिक घातलें म्हणजे अधिक गुण येईल हा समज चुकीचा आहे. सीमेवरची जागा भरली कीं उरलेलें मध्यस्थ द्रव्य आपल्यापुरतें घोळके करून आंत बसतें आणि पैसा मात्र वायां जातो.

येथवर दोन प्लास्टिकांचें झालें. रबराची गोष्ट याहून मौजेची आहे, कारण तेथें न मिसळणें हेंच इष्ट असतें. फक्त तें शिस्तीनें झालें पाहिजे.

परभणीचा हिवाळा मराठवाड्यांत प्रसिद्ध आहे. पौषांतल्या एखाद्या पहांटे येथील किमान तपमान पांच-सहा अंशांपर्यंत उतरतें, क्वचित् त्याहूनहि खालीं. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनची बादली अशा पहांटे हातांतून फरशीवर पडली तर तडकण्याचा संभव फार, आणि तीच बादली वैशाखांत पडली तर बहुधा कांहीं होत नाहीं. कारण असें, कीं पॉलिप्रॉपिलीनच्या माळांची हालचाल शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ गोठते, आणि ज्या द्रव्याच्या माळा हलूं शकत नाहींत तें आघात पचवूं शकत नाहीं, तें तुटतें. रबराच्या माळा मात्र शून्याखालीं पन्नास अंशांपर्यंतहि हलत्या राहतात. तेव्हां प्लास्टिकांत रबराचे बारीक कण पेरावे, ही कल्पना सहज सुचणारी आहे. मोटारींचे बंपर अशाच मिश्रणाचे असतात : पॉलिप्रॉपिलीन, आणि त्यांत एथिलीन व प्रॉपिलीन यांपासून केलेलें रबर. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारींचे बंपरहि बहुधा याच जातीचे.

परंतु रबराचा कण प्लास्टिकाला चिवट कसा करतो? रबर मऊ आहे म्हणून धक्का शोषून घेतें, हें उत्तर सर्वांच्या तोंडीं असतें आणि तें अपुरें आहे. खरें काम सभोंवतालचें प्लास्टिकच करतें. रबराचा कण त्याला कामाला लावतो. धक्का बसला कीं ताण एका ठिकाणीं न सांचतां असंख्य कणांभोंवतीं वांटला जातो. प्रत्येक कणाशीं प्लास्टिक थोडें ताणलें जातें, सूक्ष्म भेगा वा पोकळ्या पडतात, आणि धक्क्याची शक्ति अशा लाखों लहान कामांत खर्ची पडते. एक मोठी चीर धांवण्यास शिल्लकच उरत नाहीं. प्लास्टिकाचा चमचा किंवा डब्याचें झांकण वांकविलें असतां वांकलेल्या जागीं पांढरी रेघ उमटते, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. ती रेघ म्हणजे याच सूक्ष्म भेगा-पोकळ्यांची गर्दी होय. मात्र कण फार मोठा असेल, किंवा सभोंवतालच्या प्लास्टिकाशीं त्याचा सांधा नसेल, तर तो कण राहत नाहीं. तें आयतें भोंक होतें, आणि चीर तेथूनच सुरू होते. म्हणून रबराची मात्रा किती, एवढ्यावर कांहीं ठरत नाहीं. कण केवढा आणि कसा बांधलेला, यावर सर्व अवलंबून आहे.

याचें जुनें व उत्तम उदाहरण पॉलिस्टायरीनचें. भारतांत प्लास्टिकाचें मूळ द्रव्य तयार करण्याच्या धंद्याचा आरंभ १९५७ सालीं मुंबईंत झाला, तो या पॉलिस्टायरीनपासून. पॉलिकेम कंपनीनें तें केलें. नुसतें पॉलिस्टायरीन कांचेसारखें पारदर्शक आणि कांचेसारखेंच फुटकें. त्यांत तयार रबर नुसतें कालविलें तर फारसा गुण येत नाहीं. मग रसायनज्ञांनीं क्रम उलटा केला. प्लास्टिक होण्यापूर्वींच्या पातळ स्टायरीनमध्यें रबर विरघळविलें, आणि मग त्या पातळ द्रव्याच्या माळा गुंफावयास लावल्या. गुंफतां गुंफतां कांहीं माळा रबराच्या माळेवरच कलमासारख्या रुजल्या. आंब्याच्या कोयीवर हापुसाचें कलम बांधावें तशी ही गोष्ट. खालीं एक जात, वर दुसरी. ही कलमी माळ हीच मध्यस्थ. ती बाहेरून आणून घालावी लागली नाहीं. मिश्रणाच्या पोटींच जन्मास आली, आणि जेथें हवी तेथेंच, म्हणजे सीमेवर. शेंकडा पांच ते दहा भाग रबरानें फुटकें प्लास्टिक चिवट झालें. त्याची किंमत म्हणून पारदर्शकता गेली, कारण रबराचे कण प्रकाश विखुरतात. शीतकपाटाच्या आंतल्या बाजूची पांढरी भिंत पुष्कळदां याच प्लास्टिकाची असते.

सीमेवरच मध्यस्थ जन्मास घालण्याची ही युक्ति पुढें नायलॉनच्या बाबतींत फार सुरेख रीतीनें वापरली गेली. नायलॉनच्या माळेच्या टोंकाशीं नायट्रोजन असलेला एक गट असतो आणि त्याला मॅलेइक ॲनहायड्राइड या द्रव्याची मोठी आवड. या नांवाचा इतिहास गमतीचा आहे. आंबट सफरचंदांत जें मॅलिक आम्ल असतें तें तापवून मॅलेइक आम्ल प्रथम मिळालें. म्हणून नांवांत सफरचंदाचें लॅटिन नांव राहून गेलें. आज तें सफरचंदापासून कोणी करीत नाहीं. रबराच्या माळेवर या द्रव्याचे थोडे कोंब अगोदर फुटवून ठेवतात, आणि मग तें रबर व नायलॉन वितळवून यंत्रांत एकत्र मळतात. मळणी एखाददुसरा मिनिटच चालते, पण तेवढ्यांत नायलॉनचीं टोंकें आणि रबरावरचे कोंब सीमेवर एकमेकांस भेटून पक्के बांधले जातात. ड्यू पाँ कंपनीनें १९७० च्या दशकांत या तत्त्वावर अति-चिवट नायलॉन बाजारांत आणलें. आघात सोसण्याची त्याची शक्ति साध्या नायलॉनच्या दहापटीहून अधिक होती. त्यांतले रबराचे कण इतके बारीक असतात, कीं माणसाच्या केसाच्या जाडींत शंभरएक कण ओळीनें बसतील.

रबर थोडें आणि प्लास्टिक फार, असा आतांपर्यंत प्रकार होता. उलट प्रकारहि आहे. अमेरिकेंत ॲक्रन येथें मोन्सॅन्टो कंपनीच्या प्रयोगशाळेंत ऑबर्ट कोरन आणि रमण पटेल या दोघांनीं १९७० च्या दशकांत रबर अधिक आणि प्लास्टिक कमी अशीं मिश्रणें तयार केलीं. मळणी चालू असतांनाच रबराच्या कणांना पक्कें करावयाचें, अशी ती रीत. वस्तु हाताला रबरासारखी लागते, पण तापविली कीं प्लास्टिकासारखी वितळते आणि पुन्हा ओततां येते. साधें पक्कें केलेलें रबर पुन्हा वितळत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या शोधाचें महत्त्व कळेल. १९८१ पासून हा माल विकावयास आला. पॉलिप्रॉपिलीन आणि एथिलीन-प्रॉपिलीन रबर हीं जवळचीं असल्यानें तेथें मध्यस्थावांचून भागलें. पण तेल लागलें तरी न फुगणारें नायट्राइल रबर घ्यावें तर तें पॉलिप्रॉपिलीनला मुळींच धार्जिणें नाहीं. तेव्हां त्याच दोघांनीं पुढें दोहोंच्या माळांचा थोडासा सांधेजोड भाग तयार करून घातला, आणि एरवीं भुसभुशीत होणारें मिश्रण घट्ट झालें. आपल्याकडे खरगपूरच्या आय. आय. टी. मधील रबर तंत्रज्ञान केंद्रांत आणि केरळांत कोट्टयमच्या विद्यापीठांत या मिश्रणांवर पुष्कळ वर्षें काम झालेलें आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें, जिचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं झालें, बहुवारिकांच्या शास्त्राला रघुनाथ माशेलकर आणि स्वामिनाथन शिवराम यांच्या काळांत मोठें स्थान दिलें. बहुवारिक म्हणजे माळांचीं हीं द्रव्यें.

परंतु शास्त्राची प्रगति आणि आपल्या गांवचें भंगाराचें दुकान यांत अंतर आहे, आणि मला खरें बोलावयाचें तें त्या अंतराविषयीं. जळगांवच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीनें १९८० च्या दशकांत ठिबक सिंचनाचा प्रसार सुरू केला, आणि आतां आपल्या जिल्ह्यांतहि ऊस, कापूस आणि फळबागा यांत या काळ्या नळ्या सर्वत्र दिसतात. या एका संचांत किती जातीचीं द्रव्यें आहेत तें मोजा. पाणी आणणारा जाड नळ पी. व्ही. सी. चा. त्याला भोंक पाडून बसविलेलें ग्रोमेट रबराचें. शेतभर पसरलेली लॅटरल नळी पॉलिएथिलीनची. तिच्या जोडण्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या. उन्हानें आणि उंदरांनीं नळ्या निकामी झाल्या कीं शेतकरी सगळा भारा एकत्र बांधून भंगारांत घालतो. तेथून तो दाणा करणाऱ्याकडे जातो. दाणा म्हणजे वितळवून कापलेले प्लास्टिकाचे कण. बाजारांतला हा शब्दच सार्थ आहे. त्या दाण्यापासून पुन्हा नळी निघते, स्वस्तांत विकली जाते, आणि पहिल्याच हंगामांत जोडणीशीं चिरते. मग लोक म्हणतात, दुसऱ्या खेपेचें प्लास्टिक दुबळेंच असावयाचें. उन्हांत राहून माळा तुटल्यानें तें थोडें दुबळें होतें, हें खरें. पण पुष्कळदां दोष वयाचा नसून भेसळीचा असतो.

ही भेसळ निवडणें सोपें नाहीं. दाणा करणारे तुकडे पाण्याच्या हौदांत टाकतात. पी. व्ही. सी. आणि पाण्याच्या बाटलीचें पेट हीं जड, म्हणून बुडतात. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हीं दोन्ही पाण्याहून हलकीं, म्हणून दोन्ही वर तरंगतात. हौद त्यांचा न्याय करूं शकत नाहीं. म्हणून या जोडीलाच मध्यस्थ हवा, असें शास्त्रज्ञांना फार दिवस वाटत होतें. २०१७ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल आणि मिनेसोटा या विद्यापीठांतील मंडळींनीं तसा मध्यस्थ प्रसिद्ध केला. जेफ्री कोट्स आणि फ्रँक बेट्स हे त्यांतले प्रमुख. पॉलिएथिलीनचा एक तुकडा, मग पॉलिप्रॉपिलीनचा, मग पुन्हा पहिल्याचा, मग दुसऱ्याचा, असे चार तुकडे एका माळेंत ओवलेले. शेंकडा एक भाग घातल्यानें ठिसूळ मिश्रण चिवट झालें. हा शोध मला फार मोठा वाटतो.

तरी पण या बातमीवरून कोणी असा अर्थ काढूं नये, कीं आतां निवडण्याची गरज नाहीं, सर्व एका कढईंत घाला आणि वरून चिमूटभर मध्यस्थ टाका. असें सांगणारे लोक भेटतात, आणि त्यांचें म्हणणें मला पटत नाहीं. मध्यस्थ हा नेहमीं ठराविक जोडीचा असतो. पॉलिएथिलीन-पॉलिप्रॉपिलीनचा मध्यस्थ नायलॉनच्या उपयोगी नाहीं. ज्या भाऱ्यांत काय आणि किती आहे हेंच ठाऊक नाहीं, त्याला कोणता मध्यस्थ द्यावा? शिवाय तो मूळ प्लास्टिकाहून पुष्कळ महाग पडतो. आणि कांहीं जोड्यांना तर कोणताच मध्यस्थ उपयोगाचा नाहीं, कारण भांडण सीमेवरचें नसून उष्णतेचें असतें. पेट वितळावयास सुमारें अडीचशें अंश उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेंत पी. व्ही. सी. जळूं लागतें, त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि ती पेटच्या माळा तोडते व यंत्रहि खाते. हजार तुकड्यांत एकच तुकडा असला तरी नुकसान करतो.

तेव्हां संच काढतांना पी. व्ही. सी. चा नळ वेगळा ठेवावा, ग्रोमेट उपटून बाजूला टाकावें, आणि लॅटरलच्या जोडण्या कापून निराळ्या पिशवींत भराव्या. एका मजुराचें अर्ध्या दिवसाचें काम आहे, आणि निवडलेल्या मालास भंगारवाला भावहि बरा देतो. शहरांतल्या घरांतहि हें जमण्यासारखें आहे. डब्याच्या तळाशीं त्रिकोणांत एक आंकडा असतो. १९८८ सालीं अमेरिकेंत ही खूण सुरू झाली. १ म्हणजे पेट, २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीनच्या दोन जाती, ३ म्हणजे पी. व्ही. सी., ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ७ हा आंकडा बाकीच्या सर्वांचा, आणि पुष्कळदां मिश्रणांचा. दुधाची पिशवी पॉलिएथिलीनची असते; ती कात्रीनें कापतांना कोपरा सुटा न करतां पिशवीलाच लोंबता ठेवला तर तो गटारांत न जातां तिच्याबरोबर परत जातो. बिस्किटांचा चकचकीत पुडा मात्र दोन-तीन जातींचे पापुद्रे चिकटवून केलेला असतो, आणि ते पापुद्रे घरीं सोडवितां येत नाहींत. मध्यस्थ द्रव्याचें खरें क्षेत्र हें : जें निवडतांच येत नाहीं तें. खताचें पोतेंहि अस्तर शिवलेलें वा चिकटविलेलें असेल तर याच वर्गांत मोडतें. सुटें असेल तर हातानें ओढून काढावें.

राहतां राहिला मोटारीचा टायर. गंधक घालून रबर पक्कें करण्याची रीत चार्ल्स गुडइयर यांनीं १८३९ सालीं शोधली, तेव्हांपासून रबराच्या माळा एकमेकींना जागोजागीं गांठी मारून बांधल्या जातात. म्हणूनच टायर वितळत नाहीं. त्याचा भुगा करून प्लास्टिकांत घातला तर कण मोठे, सीमा कोरडी, आणि सांधा धरावयास मोकळीं टोंकें थोडीं. पृष्ठभागावरच्या गांठी सोडवून तेथें मध्यस्थाला हात धरावयास जागा करावयाची, असे प्रयत्न ठिकठिकाणीं चालू आहेत. तूर्त आपल्या देशांत त्या भुग्याचा एक उपयोग रस्त्याच्या डांबरांत होतो. २००४ सालीं त्यासाठीं भारतीय मानकहि तयार झालें. तेथेंहि अडचण ओळखीचीच आहे. तापलेल्या डांबरांत भुगा थोडा फुगतो, पण पुरता विरघळत नाहीं, आणि टाकींतलें ढवळणें थांबविलें कीं हळूहळू तळाशीं बसूं लागतो. म्हणून असलें डांबर रस्त्यावर पसरेपर्यंत तापवून सारखें ढवळत ठेवावें लागतें.